तळ्याचा सामू पहाटे एक, दुपारी दुसरा! असं का?



शेततळ्यात मासे सोडलेल्या गटांना हा प्रश्न नेहमी पडतो. पहाटे पाणी तपासलं तर सामू ७, दुपारी त्याच तळ्यात ८.५! मग वाटतं, तपासायची पट्टीच खराब निघाली. पट्टी ठीक असते. पाणीच बदललेलं असतं.

कसं ते घरी करून बघा. अर्धा पेला पाण्यात चिमूटभर हळद घाला. त्यात चुन्याच्या निवळीचे दोन-तीन थेंब टाका. पाणी कुंकवासारखं लाल होईल. आता नळीने त्यात फुंकत राहा (ओढू मात्र नका!). थोड्या वेळाने लाली जाऊन पुन्हा पिवळा रंग येतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, त्याचं सौम्य आम्ल झालं आणि त्याने चुन्याचा जोर मोडला.

तळ्यातही हेच चालतं. रात्री मासे, शेवाळ, तळातला गाळ सगळ्यांतून हा वायू सुटतो आणि पाण्यात साठतो. त्याचं आम्ल होतं, सामू उतरतो. ऊन पडलं की शेवाळ तोच वायू अन्न बनवायला ओढून घेतं. आम्ल कमी होतं, सामू चढतो.

म्हणून एकाच वेळचा आकडा बघून चुन्यावर पैसे घालवू नका.

१. सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी ३ च्या सुमारास, असं दोनदा तपासा. वहीत लिहा.

२. दोन्ही आकडे ६.५ ते ९ मध्ये असतील, तर सामूसाठी चुना टाकायची गरज नाही.

३. पहाटेचा आकडा रोजच ६.५ च्या खाली जात असेल, तर मत्स्य विभागाला विचारून चुनखडीची पूड टाका. तळ्यात मासे असताना कळीचा चुना टाकू नका.

४. दुपारी ९ च्या वर आणि पाणी गर्द हिरवं? शेवाळ माजलंय. शेण आणि खाद्य कमी करा.

५. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर ऑक्सिजन कमी पडलाय. चुना शोधत बसू नका. खाद्य थांबवा, पंप लावून पाणी फवाऱ्यासारखं उडवा. हवा मिसळते, साठलेला वायूही निघून जातो.

पुढच्या बैठकीला येताना आठवड्याच्या नोंदींची वही घेऊन या. चुना आणायचा की नाही, ते आकडे बघून सगळ्याजणी मिळून ठरवू.