गिरिराजकन्या पार्वती : घारापुरीच्या शिल्पांतील जीवनकथा आणि तिचा वारसा

प्रास्ताविक

पुराणकथांतील राजकन्या बहुधा विवाहापुरतीच कथेत अवतरते. स्वयंवर वा कन्यादान पार पडले की तिचे चरित्र पतीच्या पराक्रमात विलीन होते. हिमालयाची कन्या पार्वती मात्र याला अपवाद आहे. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, मोरा बंदरापासून जवळच, घारापुरी हे बेट आहे. बेटावरील तीन गावांपैकी एकाचे नावही मोराबंदर असेच आहे. तेथील मुख्य लेणे सामान्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यातील मानले जाते. १९८७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. शैव लेणे म्हणून त्याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. प्रस्तुत लेखात तेथील शिल्पपटांचा विचार पार्वतीच्या जीवनक्रमाच्या अनुषंगाने केला आहे.

पुराणकथेतील राजकन्या

पार्वती ही पूर्वजन्मीची दक्षकन्या सती होय. पित्याने यज्ञात केलेला पतीचा अवमान असह्य होऊन तिने देहत्याग केला आणि हिमालय व मेना यांच्या पोटी ती पुन्हा जन्मास आली. शिवप्राप्तीसाठी तिने उग्र तप आरंभिले. वाळलेली पानेही वर्ज्य केल्यामुळे तिला ‘अपर्णा’ हे नाम प्राप्त झाले. कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ या महाकाव्यात, बटुवेषात येऊन शिवनिंदा करणाऱ्या शिवालाच ती निरुत्तर करते. वराची निवड येथे कन्येची आहे. पित्याची संमती त्यानंतरची आहे.

शिल्पांतील राजकन्या

घारापुरीच्या ‘कल्याणसुंदर’ शिल्पपटात विवाहविधी कोरलेला आहे. ब्रह्मदेव पौरोहित्य करीत आहे, तर वधू मस्तक किंचित लववून शिवाच्या उजव्या बाजूस उभी आहे. पत्नीचे स्थान डावीकडे असते; उजवीकडील स्थान विवाह अद्याप पूर्ण व्हावयाचा असल्याचे सुचविते. येथील पार्वती लज्जित, आज्ञाधारक कन्या भासते. तिच्या तपश्चर्येचा स्वतंत्र शिल्पपट या लेण्यात नाही. वेरूळच्या क्रमांक २१ च्या रामेश्वर लेण्यात मात्र विवाहाबरोबरच तिचे पंचाग्निसाधनही कोरलेले आहे. या तुलनेने घारापुरीतील उणीव ठळक होते.

ही उणीव अन्य शिल्पपट काही अंशी भरून काढतात. कैलासावरील दृश्यात पार्वती रुसून शिवापासून विमुख बसलेली आहे. गंगावतरणाच्या शिल्पात ती शिवाच्या समीप उभी आहे. मस्तकावर येणाऱ्या गंगेमुळे तिच्या मनात सवतीमत्सर जागा झाल्याचे अभ्यासक मानतात. विवाहानंतरही तिचे स्वतंत्र मन शिल्पकाराने जागृत ठेवले आहे. अर्धनारीश्वराच्या भव्य मूर्तीत डावा अर्धा देह तिचा असून त्या बाजूच्या हाती आरसा आहे. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या सदाशिवमूर्तीतील कमलधारी सौम्य मुखही स्त्रीतत्त्वाचे द्योतक मानले जाते. वधूपासून अर्धांगापर्यंतचा हा प्रवास आहे.

ग्रीक पुराणकथेतील क्रीटची राजकन्या आरिआद्ने हिची कथा येथे तुलनेस घेता येते. पिता मिनोस याच्या इच्छेविरुद्ध तिने थेसियसला सुताचा गुंडा देऊन चक्रव्यूहातून बाहेर काढले. कथेच्या प्रचलित रूपानुसार थेसियसने तिला नाक्सोस बेटावर सोडून दिले. पुढे दिओनिसस या देवाने तिचा स्वीकार केला. दोघींनीही स्वतः निवड केली. परंतु आरिआद्नेच्या निवडीची परिणती परित्यागात झाली, पार्वतीच्या निवडीची सहदेहात.

लोकपरंपरेतील वारसा

घारापुरीच्या पाषाणात जे आले नाही, ते महाराष्ट्रातील स्त्रियांनी व्रतात जपले. भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या हरतालिकेच्या कथेत नारदाच्या सूचनेवरून हिमालय आपली कन्या विष्णूस देण्याचे ठरवितो. तेव्हा सखी तिला अरण्यात नेते आणि तेथे पार्वती वाळूचे शिवलिंग करून पूजिते. सखीने ‘हरण’ केले म्हणून ‘हरितालिका’ अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. पूजेत पार्वतीसह सखीचीही मूर्ती मांडतात. हे व्रत आज इच्छित वर व अखंड सौभाग्य यांसाठी केले जाते; तथापि त्याच्या मुळाशी पित्याच्या निर्णयास दिलेला नकार आहे आणि त्या नकारास स्त्रीमैत्रीचे पाठबळ आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

समारोप

शिल्प व व्रत ही एकाच चरित्राची परस्परपूरक साधने आहेत. केवळ ‘कल्याणसुंदर’ पाहिल्यास पार्वती ही दान दिलेली कन्या ठरते. व्रतकथा जोडल्यास ती निवड करणारी व्यक्ती ठरते. घारापुरीच्या अनेक मूर्तींचे हातपाय आज भग्न आहेत. पाषाणाची झीज दिसते, कथेची दिसत नाही. हरतालिकेच्या कथेतील तो नकार गाळून केवळ सौभाग्याची फलश्रुती उरली, तर या राजकन्येचा अर्धा वारसा नष्ट होईल. म्हणून लेण्यांच्या अध्यापनात स्त्रियांच्या व्रतकथांचाही साधन म्हणून अंतर्भाव होणे आवश्यक आहे.