तीच चाचणी, पण स्क्रीनवर

साताऱ्यात असो की सांगलीत, पालक आम्हाला हमखास विचारतात, "मुलाची चाचणी मोबाइलवर घेतली तर चालते ना? की कागदावरचीच खरी?" उत्तर आधीच सांगून टाकतो: काही चाचण्यांना चालतं, काहींना नाही. ते कशावरून ठरतं, हे आज बघूया.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. २०१६ पासून काही वर्षं राज्यातल्या दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा असे तिचे सात विभाग होते. पुढे ती मोबाइल ॲपवरही आली. आता, कल म्हणजे आवड. इथं उत्तर बरोबर-चूक नसतं, घड्याळाशी शर्यत नसते. त्यामुळं कागदावर खूण केली काय नि स्क्रीनवर बोट लावलं काय, फारसा फरक पडू नये. अट एकच: उत्तर देताना मूल एकटं हवं. एकाच मोबाइलभोवती चार मित्र वाकले असतील, तर आवड मित्रांचीच नोंदली जाते.

वेगाच्या चाचण्यांचं मात्र वेगळं. आकड्यांच्या जोड्या भराभर जुळवा, अशा चाचणीत डोक्याइतकंच हाताचं काम असतं. १९९३ साली मीड आणि ड्रॅसगो या संशोधकांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. पुरेसा वेळ देऊन घेतलेल्या क्षमता चाचण्यांत कागद आणि संगणक यांवरच्या गुणांचा सहसंबंध ०.९७ निघाला, म्हणजे परीक्षार्थींचा क्रम जवळपास तोच राहिला. वेगाच्या चाचण्यांत तो ०.७२ वर आला. म्हणजे काही जण नुसत्या माध्यमामुळं वर-खाली झाले. माणमधल्या किंवा जतमधल्या ज्या मुलानं माउस कधी हातात धरला नाही, त्याची बुद्धी मंद नसते. हात नवखा असतो.

इथंच मानकांचा प्रश्न येतो. "४२ गुण" याला एकट्याला काही अर्थ नाही. आधी तपासलेल्या हजारो मुलांच्या तक्त्याशी ताडल्यावर तो येतो. तक्ता कागदावरच्या चाचणीतून बनवलेला आणि मुलाची चाचणी स्क्रीनवर, हे म्हणजे अधोलीनं मोजायचं आणि पायलीचा भाव लावायचा!

माध्यमांची वाटणी कशी करावी, हे सैन्याच्या निवड मंडळाकडून शिकावं. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात निघाली, त्यामुळं इकडच्या पोरांना ही परीक्षा ऐकून माहीत असते. एकेक शब्द पंधरा सेकंद समोर दिसतो, असे साठ शब्द. मनात येईल ते वाक्य मात्र हातानं लिहायचं. हेच मोबाइलवर टाइप करायला लावलं तर पुढचा शब्द फोनच सुचवतो. मग आपण तपासतो कुणाचं मन?

सगळ्यात नाजूक गोष्ट शेवटी. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नाजूक गोष्टी लोक माणसापेक्षा यंत्राला मोकळेपणानं सांगतात, असं अनेकदा दिसलंय. स्क्रीनवर त्या उत्तराची सूचना लगेच मिळू शकते. कागद फायलीत पडून राहू शकतो. पण सूचना वाजली आणि बघायला कुणी नाही, तर यंत्राचा काय उपयोग? त्याच दिवशी त्या माणसाशी कुणीतरी बोललंच पाहिजे.

तेव्हा चाचणी घेणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा. मानकं याच माध्यमाची आहेत का? सरावाला वेळ मिळेल का? आणि निकाल समोर बसून कोण समजावणार? तिसऱ्याचं उत्तर "ॲपच सांगेल" असं आलं, तर त्या निकालावर मुलाची शाखा ठरवू नका.