मंगळावरचं फ्रेंच व्याकरण

परलोकातून येणारे संदेश कोणत्या भाषेत येतात? या प्रश्नाचं सगळ्यात मजेदार उत्तर आहे जिनिव्हात. एलेन स्मिथ (हे टोपणनाव) ही दुकानात नोकरी करणारी बाई समाधी लागली की ‘मंगळी’ भाषेत बोलायची, लिहायची. लिपीसुद्धा स्वतंत्र! मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लुर्न्वा १८९४ पासून तिच्या बैठकांना बसत होते. त्यांनी शब्दन् शब्द तपासला, तर शब्द नवे, पण वाक्याची चाल अस्सल फ्रेंच. फ्रेंचमध्ये ‘तो कधी परतेल?’ विचारताना उच्चार सुकर व्हावा म्हणून मध्ये एक ‘त’ घुसवतात. मंगळावरही त्याच जागी एक ‘म’ हजर!

हे तोंडावर सांगितल्यावर थोड्याच काळात आणखी दूरच्या ग्रहाची, अधिक विचित्र भाषा अवतरली. भाषा तिच्याच मनातून येत होती, याचा मला तर हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

मागच्या जन्मी ती पंधराव्या शतकातली कानडा मुलखातली राणीही होती म्हणे, आणि ‘संस्कृत’ बोलायची. ते तपासायला चक्क भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर! त्यांना काही तुकडे संस्कृतसारखे वाटले, बाकी गोंधळ. पण संस्कृतात नसलेला ‘फ़’ हा ध्वनी तिच्या बोलण्यातही नव्हता, हे त्यांनी टिपलं. राणीच्या पतीचं नाव, किल्ला आणि १४०१ हे साल मात्र फ्लुर्न्वांना एका जुन्या फ्रेंच इतिहासग्रंथात सापडलं.