सेंट जॉर्जेसची रिकामी जागा

ब्रिटनमध्ये कॉमन्सचा सभासद वारला म्हणून पोटनिवडणूक आपोआप लागत नाही. सभागृहात तसा ठराव यावा लागतो, आणि रिवाजाने तो मांडतो गेलेल्या सभासदाच्याच पक्षाचा प्रतोद. ठराव झाला की सभापतींच्या आज्ञेवरून निवडणुकीचा हुकूम स्थानिक निवडणूक अधिकाऱ्याकडे निघतो. म्हणजे मुहूर्त बराचसा पक्षाच्या हाती. उमेदवाराला पूर्वी १५० पौंड अनामत भरावी लागे. एक-अष्टमांश मते पडली नाहीत तर ती जप्त होई. हा नियम १९१८ पासून १९८५ पर्यंत होता.

जागा एकच, पण तिच्यावर काय काय पणाला लागू शकते ते १९३१ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर सेंट जॉर्जेसमध्ये दिसले. मेफेअर-बेल्ग्रेव्हियाचा हा धनिक मतदारसंघ म्हणजे हुजूर पक्षाची वतनदारीच. फेब्रुवारीत तिथले खासदार वर्दिंग्टन-इव्हान्स वारले. मजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही, त्यामुळे लढत हुजुरांच्या घरातच लागली.

निशाण्यावर होते पक्षनेते स्टॅन्ले बाल्डविन. ‘डेली एक्स्प्रेस’चे बीव्हरब्रुक आणि ‘डेली मेल’चे रॉदरमियर या वृत्तपत्रसम्राटांना साम्राज्यांतर्गत व्यापाराला जकातीचे संरक्षण हवे होते, आणि त्याआड बाल्डविनना घालवायचेही होते. ५ मार्चचा गांधी-आयर्विन करार त्यांच्या पथ्यावर पडला; व्हाइसरॉय आयर्विनना पाठीशी घालणारा नेता म्हणून बाल्डविनवर झोड उठवणे सोपे झाले. या वृत्तपत्रसम्राटांनी उद्योगपती सर अर्नेस्ट पेटर यांना अपक्ष हुजूर म्हणून उभे केले. अधिकृत उमेदवारीसाठी ठरत आलेल्या मूर-ब्रॅबझन यांनी बाल्डविनची वकिली करायला नकार देऊन अंग काढून घेतले. आपल्या खासदारकीचा राजीनामा देऊन ही जागा स्वतःच लढवावी, इथवर बाल्डविनचा विचार गेला होता. अखेर अधिकृत उमेदवार म्हणून डफ कूपर पुढे आले.

मतदानाच्या दोन दिवस आधी, १७ मार्चला, क्वीन्स हॉलमध्ये बाल्डविननी या वृत्तपत्रमालकांना जबाबदारीविना सत्ता हवी असल्याचे सांगून तो युगानुयुगे वेश्येचा हक्क असल्याचा टोला हाणला. शब्द पुरवले होते त्यांचे मावसभाऊ रडयार्ड किपलिंग यांनी. मुंबईत जन्मलेला हा साम्राज्यवादी कवी भारताच्या प्रश्नावर बाल्डविनच्या विरुद्ध टोकाला होता, हे लक्षात घेतले की गंमत वाटते.

१९ मार्चला कूपरना १७,२४२ आणि पेटरना ११,५३२ मते पडली. मताधिक्य ५,७१०. दोन बड्या वृत्तपत्रांचा सारा मारा सोसून ते मिळाले, त्यामुळे माझ्या मते ते आकड्याहून मोठे होते. महिनाअखेरीस बीव्हरब्रुकनी तह केला. बाल्डविन टिकले, १९३५ चा भारत सरकार कायदा संमत झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते, आणि त्याच कायद्याखाली १९३७ साली मुंबई प्रांतात विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या.