कागदावरचा डोंगर

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणेचे मुख. मधल्या सखल पट्ट्यात वाड्या, मिठागरे व शहरे आहेत. एवढा मुलूख हातभर कागदावर उंचसखलपणासह दाखविण्याची किमया स्थलनिर्देशक नकाशा करतो.

आपल्या देशात असे नकाशे १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. १८०२ साली लॅम्बटन याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा काटेकोरपणे मोजली आणि तेथून देशभर त्रिकोणांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन्ही टोकांचे कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. म्हणूनच जेथे पाऊल ठेवणे दुष्कर, अशी हिमशिखरेही दुरून मोजता आली. तिबेटात मात्र परक्या सर्वेक्षकांना मज्जाव होता. तेव्हा कुमाऊँचे नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये वेष पालटून ल्हासापर्यंत चालत गेले. शंभर मण्यांच्या माळेवर त्यांनी पावले मोजली! आज या कामी उपग्रहांचे साहाय्य मिळते.

परंतु सपाट कागदावर उंची कशी दाखवावी? घंगाळात एक ओबडधोबड दगड ठेवून बोट-बोट पाणी वाढवीत गेल्यास प्रत्येक वेळी पाण्याची कड दगडाभोवती एक वळसा घेते. वरून पाहून हे वळसे कागदावर उतरविले, की त्या समोच्च रेषा झाल्या. एकाच रेषेवरील सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर होय, त्यात सामान्यतः दर २० मीटर उंचीस एक तपकिरी रेषा काढतात. तुंगारेश्वर ६०० मीटरांहून उंच असल्याने तेथे तीसेक रेषांची दाटी होते. रेषा दाट तेथे चढ उभा. विरळ तेथे जमीन सपाट.

खाडीकडील मिठागरांत तर या रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. डोंगरावरून वेगाने आलेले पाणी तेथे मंदावते, पसरते आणि भरतीच्या वेळी तुंबते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार जलमय झाले, लोहमार्ग पाण्याखाली गेले आणि मिठागरांतील वस्तीतले लोक अडकून पडले. पाण्याची वाट नकाशावर निळ्या रेघेने दाखविलेली असते. घर, रस्ता वा पूल बांधण्यापूर्वी ती रेघ वाचली पाहिजे. कारण माणसाने वाट बुजविली, तरी पाणी ती विसरत नाही.