माशी, दुर्बीण आणि पट्टा

स्काउट रायफल म्हणजे एकट्या माणसाने दिवसभर खांद्यावर वागवावी आणि वेळ आली की क्षणात दस्ता खांद्याला लावावा, अशी हलकी, आखूड रायफल. अमेरिकी मरीन कोअरमधील निवृत्त अधिकारी जेफ कूपर (1920–2006) यांची ही कल्पना. ॲरिझोनातील ‘गनसाइट’ या त्यांच्या प्रशिक्षण संस्थेत 1983 आणि 1984 साली भरलेल्या बैठकांत तिचे निकष ठरले: लांबी एक मीटरच्या आत, वजन तीन किलोच्या आसपास, 7.62 मिलिमीटरचे काडतूस, नळीवर पुढे बसवलेली कमी शक्तीची दुर्बीण आणि नेमाला आधार देणारा पट्टा. ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने 1998 साली या निकषांबरहुकूम रायफल बाजारात आणली. लांबी आणि वजन कारखान्यात ठरते; दुर्बीण आणि पट्टा वापरणाऱ्याने निवडायचा, तोही मुलूख आणि हवा पाहून.

इथे मुलूख रायगडच्या किनारपट्टीचा, आणि तिला बंदूक नवी नाही. भातशेती, केळी आणि आंबा यांना रानडुकरांचा आणि वानरांचा उपद्रव असल्याने शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची किंवा एकनळी काडतुसाची बंदूक कोकणातल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुरूडजवळचे फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव जंगल होते. 1986 साली ते अभयारण्य झाले. त्याआधीच 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या शौकाला लगाम घातला होता, आणि आता पिकात घुसलेल्या डुकरावर गोळी झाडायलाही वनखात्याची रीतसर परवानगी लागते. रायफलीला इथे उरलेली कामे दोनच: परवानगीने पिकाची राखण आणि परवानाप्राप्त मैदानावरचा नेमबाजीचा सराव.

कूपरने सांगितलेले 7.62चे लष्करी काडतूस भारतात सामान्य नागरिकाला वापरता येत नाही; .303चीही तीच गत. म्हणून इशापूरच्या रायफल कारखान्याने नागरिकांसाठी .315 बोअरची रायफल काढली. तिची घडण जुन्या ली-एनफिल्डची, बोल्ट हाताने मागेपुढे करायचा आणि पेटीत पाच काडतुसे. स्काउटच्या व्याख्येत ती पुरती बसत नाही, कारण ती लांब आहे आणि जडही आहे. नळी कापून आखूड करावी म्हटले तर 1959चा शस्त्र कायदा आडवा येतो. वेगळ्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. मात्र एक गोष्ट तिच्या पथ्यावर पडते. नेम धरण्याची तिची मागची खाच नळीवरच, डोळ्यापासून बरीच पुढे असते. खाच काढून त्याच जागी दुर्बिणीची बैठक बसवता येते, आणि कूपरला दुर्बीण हवी होती तीही नेमकी तिथेच. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते.

साध्या बंदुकीचा नेम तीन गोष्टी एका रेषेत आणून धरतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य. अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य धूसर होते, आणि चाळिशी ओलांडली की खाचही पुसट होऊ लागते. खाचेऐवजी डोळ्याजवळ मोठ्या भोकाची पातळ कडी बसवली तर निम्मा प्रश्न सुटतो. कडीतून पाहताना डोळा आपोआप मधला उजेड शोधतो, त्यामुळे लक्ष फक्त माशीकडे ठेवले तरी चालते. वाडीतल्या पन्नास-साठ पावलांच्या अंतराला एवढी सोय पुरेशी आहे. तिला काच नाही की बुरशी लागायची भीती नाही, आणि किंमतही थोडी. दुर्बिणीच्या मोहात हा पर्याय फार लवकर बाजूला पडतो.

दुर्बीणच घ्यायची तर आधी पाहावे ते डोळ्यापासूनचे अंतर. नेहमीची दुर्बीण डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटरवर असावी लागते; स्काउट दुर्बीण पंचवीस-तीस सेंटिमीटर दूर राहूनही पूर्ण चित्र दाखवते. त्यामुळे बोल्टचा वरचा भाग मोकळा राहतो, रायफल मध्यावर हातात धरता येते, भुवईला मार बसत नाही आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. शक्ती दोन-अडीच पटींहून जास्त नको. अडीच पट शक्तीच्या आणि 28 मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत भागाकाराने 11 मिलिमीटरचा भरतो. अंधारातही माणसाची बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंतच उघडते, म्हणजे संधिप्रकाशातही उजेड कमी पडत नाही.

खरी खोड निराळी आहे. दुर्बीण डोळ्यापासून दूर असल्याने मागच्या भिंगावर उघडे ऊन पडते. या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. संध्याकाळी डोंगराच्या अंगाला तोंड करून उभे राहिले की कलता सूर्य नेमका पाठीशी येतो, भिंगावर चकाकतो आणि चित्र पांढरे पडते. डुकरे शेतात उतरतात त्याच सुमाराला! टोपीची रुंद कड किंवा भिंगावरची रबरी झापड हा त्यावरचा साधा उपाय आहे. ज्याचे काम बहुतेक संध्याकाळचेच, त्याने डोळ्याजवळची नेहमीची, पण कमी शक्तीची दुर्बीण घेतलेली बरी. या बाबतीत कूपरचा शब्द शेवटचा मानायचे कारण नाही.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे हवा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि खारी दमट हवा यांत भिंगाच्या लेपावर बुरशीची जाळी धरते, आणि ती आतल्या बाजूने धरली की पुसताही येत नाही. आत नायट्रोजन भरून रबरी कड्यांनी बंद केलेलीच दुर्बीण इथे टिकते. ती चामड्याच्या म्यानात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हेच तिचे घर. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात.

पट्ट्याची कामे दोन: वाहणे आणि नेम स्थिर करणे. दुसरे काम बहुतेकांच्या ध्यानातच नसते. डाव्या हाताच्या दंडाभोवती, कोपराच्या वर, पट्ट्याचा फास घट्ट बसला की रायफलीचे ओझे स्नायूंवरून हाडांवर जाते आणि बसून किंवा पालथे पडून धरलेला नेम हलायचा थांबतो. उभ्याने मात्र कोपराला टेकू नसल्याने त्याचा उपयोग थोडा. जुन्या लष्करी पट्ट्याचा फास घालायला वेळ लागतो. ग्वाटेमालाच्या कार्लोस विडमन यांनी रायफलीवरच्या तीन कड्यांत अडकवायचा पट्टा वापरला, आणि त्यावरून एरिक चिंग यांनी ‘चिंग स्लिंग’ बेतला. त्यात मुख्य पट्ट्याला एक आखूड पट्टी जोडलेली असते. हात आत सारून बाहेर वळवला की फास तयार. त्यासाठी पेटीच्या किंचित पुढे तिसरी कडी लागते. .315ला सहसा दोनच कड्या असतात, म्हणून तिसरी लाकडात बसवून घ्यावी लागते.

कशाचा पट्टा घ्यावा, याचा निकाल पाऊस लावतो. चामडे अंगाला मऊ आणि खांद्यावरून न घसरणारे, पण भिजले की ताणते आणि श्रावणात त्यावर पांढरी बुरशी येते. सुती निवार पाणी धरून ठेवते. नायलॉन घसरते खरे, पण भिजले तरी चामड्याइतके ताणत नाही आणि लवकर सुकते. किनाऱ्यावर तेच घ्यावे, तीनेक सेंटिमीटर रुंदीचे. कड्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात, साध्या पोलादाला एका हंगामात गंज धरतो. पावसात रायफल नळी खाली करून डाव्या खांद्याला अडकवावी, म्हणजे नळीत पाणी शिरत नाही.

बसवलेली दुर्बीण अधूनमधून तपासावीही लागते, कारण निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात अनेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथे त्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात, आणि धक्का लागून दुर्बिणीची बैठक सरकू शकते. बंदूक घरी आणल्यावर आधी बैठकीचे आणि कड्यांचे स्क्रू आवळावेत, मग मैदानावर जाऊन आधारावरून तीन गोळ्या कागदी लक्ष्यावर झाडाव्यात. तिन्ही एकत्र पण बाजूला पडल्या तर दुर्बिणीची चकती फिरवून नेम सुधारतो. विखुरल्या तर बैठक अजून ढिली असू शकते.