कोकणातील भातपिकाचा कालावधी : हवामानबदल व लागवड पद्धती यांचा परिणाम

प्रस्तावना :
भात हे कोकणातील प्रमुख खरीप पीक होय. रोहिणी-मृग नक्षत्रांत पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी आणि हस्त-चित्रा नक्षत्रांत कापणी हे त्याचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. ऑक्टोबर २०१९ मधील पावसाने उभ्या व कापून ठेवलेल्या भाताचे मोठे नुकसान झाले आणि या वेळापत्रकाची मर्यादा स्पष्ट झाली. अशा नुकसानीचे कारण म्हणून केवळ हवामानबदलाकडे बोट दाखविले जाते. परंतु पीक कोणत्या तारखेस पक्व होते, हे हवामानाइतकेच जातीची निवड व लागवड पद्धती यांवरही अवलंबून असते. या घटकांचे परिणाम वेगवेगळे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भातपिकाच्या वाढीच्या अवस्था :
भाताच्या आयुष्याचे तीन टप्पे पडतात. पेरणीपासून लोंबीची सुरुवात होईपर्यंत शाखीय वाढ, तेथून फुलोऱ्यापर्यंत सुमारे ३५ दिवस आणि फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत सुमारे ३० दिवस. शेवटच्या दोन टप्प्यांत जातीपरत्वे फारसा फरक पडत नाही. हळवी, निमगरवी व गरवी हा भेद मुख्यतः पहिल्या टप्प्याच्या लांबीमुळे निर्माण होतो. म्हणजेच ११० दिवसांच्या हळव्या जातीस शाखीय वाढीसाठी सुमारे ४५ दिवस, तर १४० दिवसांच्या गरव्या जातीस सुमारे ७५ दिवस मिळतात.

तापमान व दिनमान :
पीक दिवस मोजत नाही, तर उष्णता साठविते. भाताची वाढ साधारणतः १० अंश सेल्सियसच्या खाली थांबते, असे मानून त्यावरील दैनिक सरासरी तापमानाची बेरीज केली जाते. उदाहरणार्थ, सरासरी तापमान २६ अंश असताना एखादा टप्पा ६० दिवसांत पूर्ण होत असेल, तर त्यास ९६० अंश-दिवस लागतात. सरासरी २७ अंश झाल्यास तीच बेरीज सुमारे साडेछप्पन्न दिवसांत पूर्ण होते. पीक साडेतीन दिवस लवकर तयार होते, मात्र पाने, फुटवे व दाणे यांना मिळणारा काळही तेवढाच घटतो. याउलट थंडीत रोपे टाकलेल्या वायंगणी भातास तीच जात खरिपापेक्षा अधिक दिवस घेते.

दुसरा नियंत्रक दिनमान हा आहे. अनेक पारंपरिक गरव्या जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवत. त्यामुळे पेरणी पुढे-मागे झाली तरी कापणीची वेळ फारशी सरकत नसे. आजच्या बहुतांश सुधारित जाती दिनमानास फारसा प्रतिसाद देत नाहीत. त्यांची कापणी पेरणीच्या तारखेबरोबर सरकते. उत्पादनवाढ साधताना पिकातील हे अंगभूत पंचांग मागे पडले, ही बाब दुर्लक्षित राहते.

पावसाची बदललेली चौकट :
भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईसाठी आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून, म्हणजे केवळ एक दिवस पुढे गेली. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. आगमनातील अनिश्चितताही मोठी आहे. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला, तर २०२५ मध्ये २६ मेला पोहोचला.

१० जूनला पेरलेली ११२ दिवसांची हळवी जात ३० सप्टेंबरला पक्व होते. जुन्या तारखेनुसार ही वेळ पाऊस परतल्यानंतरची होती, नव्या तारखेनुसार ती पावसाच्या आत येते. पेरणी मे अखेरीस झाल्यास कापणी सप्टेंबरच्या मध्यावर, भर पावसात येते. कर्जत-२ सारखी १३५ ते १४० दिवसांची गरवी जात त्याच १० जूनला पेरल्यास ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात तयार होते.

लागवड पद्धतींचा प्रभाव :
रोपे उपटून लावल्यावर मुळे पुन्हा रुजेपर्यंत वाढ काही दिवस खुंटते. थेट पेरणीत हा खंड पडत नसल्याने तीच जात साधारणतः आठवडाभर लवकर पक्व होते. मजुरांच्या टंचाईमुळे थेट पेरणीकडे कल वाढणे स्वाभाविक आहे, तथापि हळवी जात व थेट पेरणी एकत्र आल्यास कापणी पावसात सापडण्याचा धोका वाढतो.

पावसाचा खंड पडून लावणी लांबल्यास वेगळीच अडचण उद्भवते. हळव्या जातीच्या ४५ दिवसांच्या शाखीय वाढीपैकी २१ दिवस रोपवाटिकेत गेल्यास खाचरात फुटव्यांसाठी २४ दिवस उरतात. रोप ३५ दिवसांचे झाल्यास ढोबळमानाने १० दिवसच उरतात. फुटवे कमी येतात व उत्पादन घटते. गरव्या जातीस ही झळ तुलनेने कमी बसते.

तथापि सर्वत्र गरवी जात घेणे हा उपाय नव्हे. वरकस व उताराच्या हलक्या जमिनीत ऑक्टोबरमध्ये ओल टिकत नाही आणि दाणे भरताना पिकास ताण बसतो. तेथे हळवी जातच आवश्यक ठरते. म्हणून पाऊस लवकर आल्यास प्रथम सखल खाचरांसाठी गरव्या जातीची पेरणी करणे, हळव्या जातीची घाई टाळणे आणि रोपे दोन टप्प्यांत टाकणे अधिक सयुक्तिक होय.

निष्कर्ष :
जातीच्या माहितीपत्रकातील कालावधी हा विशिष्ट परिस्थितीतील सरासरी आकडा असतो. वाढते तापमान तो कमी करते, उशिरा लावणी लांबविते, थेट पेरणी पुन्हा घटविते. हे परिणाम परस्परांना झाकतात. केवळ कापणीच्या तारखेवरून हवामानबदलाचे अनुमान काढणे त्यामुळे सदोष ठरते. पेरणी, लावणी, फुलोरा व पक्वता या चारही तारखा, जात व पद्धतीसह गावपातळीवर नोंदविल्या गेल्या, तरच हवामानाचा वाटा किती व व्यवस्थापनाचा किती, हे सांगता येईल. ग्रामीण महाविद्यालयांच्या कृषी, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे. पेरणीची तारीख आभाळ पाहून ठरविण्याबरोबरच कापणीची तारीख मागे मोजून ठरविणे, हीच बदलत्या हवामानात भातशेतीची खरी गरज आहे.